आधी कागद, मग खोकं: गोव्यातून ऑनलाइन विकलेला माल परदेशी पाठवताना

चार वर्षांपूर्वी माझं पहिलंच परदेशी पार्सल जर्मनीहून परत आलं. आत क्रोशाच्या सहा टेबल मॅट होत्या, सासष्टीतल्या एका काकीने पावसाळाभर बसून विणलेल्या. खोकं एका कोपऱ्यात दबलेलं, बाकी माल होता तसा. लेबल वाचलं आणि माझी मलाच लाज वाटली. वर्णनाच्या रकान्यात ‘हँडमेड आयटम’. किमतीच्या रकान्यात ५ युरो. ‘गिफ्ट’च्या चौकोनात ठसठशीत खूण. आणि खोक्याच्या आत सगळ्यात वर, ग्राहकाला बरं वाटावं म्हणून छान छापून ठेवलेलं बिल: ७२ युरो.

खोकं उघडणाऱ्याने बिल पाहिलं, लेबल पाहिलं आणि परत धाडलं. त्याचं काय चुकलं?

त्यानंतर मी हा धंदा नीट शिकले, थोडा विचारून, बराचसा ठेचा खाऊन. शिकलेलं सांगायचं तर एका ओळीत मावतं: बिलावर, लेबलावर, कस्टम्सच्या अर्जात आणि बँकेत आलेल्या पैशात एकच गोष्ट दिसली पाहिजे. तोच माल, तेच नाव, तीच रक्कम. बाकी सगळी तपशिलाची कामं आहेत, पण तीही क्रमाने केली नाहीत तर अडतात. तो क्रम असा.

सुरुवात आपल्याच नावापासून

गोव्यात ही पायरी कुणी सांगत नाही आणि अडकतात सगळे इथेच. आपल्याकडे एका गावाची दोन-तीन स्पेलिंगं फिरतात. एका कागदावर पोंडा, दुसऱ्यावर फोंडा. आधारवर बिचोलिम, वीजबिलावर डिचोली. सांकेलिम आणि साखळी, पणजिम आणि पणजी. आडनावांचं तर विचारूच नका: नाईक, कामत, शेणवी यांची पोर्तुगीज वळणाची स्पेलिंगं अजून कित्येक घरांच्या दाखल्यांवर आहेत. माणसाला ते एकच वाटतं, संगणकाला वाटत नाही.

म्हणून कुठलाही अर्ज भरण्याआधी पॅन, आधार, बँक खातं आणि जागेचा पुरावा हे चार कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि अक्षर न् अक्षर जुळवा. जुळत नसेल तर आधी दुरुस्ती, मग पुढची पायरी. या कामात माझे तीन आठवडे गेले, पण ते वाया गेले असं वाटत नाही.

फोंडेकरांसाठी आणखी एक. फोंडा तालुका २०१५ च्या जानेवारीत उत्तर गोव्यातून दक्षिण गोवा जिल्ह्यात गेला, पण आपल्या हाताला जुनी सवय आहे. निर्यातीच्या शिपिंग बिलात, म्हणजे कस्टम्सला द्यायच्या निर्यातीच्या अर्जात, माल कुठल्या राज्याचा आणि कुठल्या जिल्ह्याचा हे १५ फेब्रुवारी २०२० पासून लिहावं लागतं. तिथे फोंड्याच्या मालाला दक्षिण गोवा घाला.

आयईसी: निर्यातदाराचा नंबर

इंपोर्टर एक्सपोर्टर कोड म्हणजे आयईसी. तो विदेश व्यापार महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीएफटीच्या संकेतस्थळावर ऑनलाइन मिळतो. शुल्क ५०० रुपये. जीएसटी आल्यापासून हा नंबर तुमच्या पॅनचाच असतो. लागतं काय, तर पॅन, पत्त्याचा पुरावा, रद्द केलेला चेक किंवा बँकेचा दाखला, आणि सही करायला आधारचा ओटीपी नाहीतर डिजिटल सिग्नेचर. कागद जुळलेले असले तर हे एका बैठकीचं काम आहे.

इंटरनेटवर शोधलंत की सरकारी दिसणारी बरीच खासगी संकेतस्थळं वर येतात आणि याच कामाचे हजारो रुपये मागतात. पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन आहे ना एवढं बघा. अडलंच तर पणजीत डीजीएफटीचं प्रादेशिक कार्यालय आहे, तिथे माणसाशी बोलता येतं.

लोक विसरतात ते पुढचं. दर वर्षी एप्रिल ते जून या काळात आयईसीची माहिती ताजी करावी लागते. काही बदललं नसेल तरी आत जाऊन ‘बदल नाही’ असं कळवायचंच. नाही केलं तर नंबर निष्क्रिय होतो, आणि हे आपल्याला कळतं ते नेमकं दिवाळीच्या ऑर्डरी हातात असताना. मी शिगम्याच्या सुमाराला फोनमध्ये आठवण लावून ठेवते.

बँक आणि एडी कोड

परकीय चलनाचे व्यवहार करायची परवानगी असलेल्या बँकेला ऑथराइज्ड डीलर म्हणतात. तुमची शाखा ज्या एडी शाखेशी जोडलेली असते तिचा कोड म्हणजे एडी कोड. तो बँकेच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी घ्यायचा आणि कस्टम्सच्या आइसगेट पोर्टलवर नोंदवायचा.

छोट्या शाखेत हे नाव घेतलं की बहुधा समोरची व्यक्ती आत जाते आणि बराच वेळ बाहेर येत नाही. राग धरू नका, त्यांच्याकडे असं काम महिन्यातून एकदाही येत नसेल. ‘फॉरेक्सचं काम कुठल्या शाखेत होतं?’ एवढंच विचारा आणि तिकडे जा. खातं चालू म्हणजे करंट असावं आणि धंद्याच्याच नावाचं. नवऱ्याच्या बचत खात्यात डॉलर मागवून नंतर ते कागदावर बसवत राहायचं, हा खेळ करू नका.

परदेशातून पैसे येतात तेव्हा बँक ‘कशाचे?’ म्हणून पर्पज कोड विचारते. आपण आधी पैसे घेतो आणि मग माल पाठवतो, म्हणजे ही मालाच्या निर्यातीपोटी आलेली आगाऊ रक्कम. तिचा कोड पी०१०३. माल गेल्यावर वसूल होणाऱ्या रकमेला पी०१०२. बँकेने चुकून घरखर्चाला पाठवलेल्या पैशाचा कोड लावला तर ती तुमची निर्यात राहतच नाही. असं झालं तर त्याच आठवड्यात दुरुस्तीचा अर्ज द्या.

जीएसटी आणि एलयूटी

निर्यात ही जीएसटीत शून्य दराची विक्री आहे. दोन वाटा आहेत: कर भरून परतावा मागायचा, किंवा लेटर ऑफ अंडरटेकिंग, म्हणजे एलयूटी देऊन कर न भरताच माल पाठवायचा. लहान विक्रेत्याने दुसरी वाट धरावी, पैसा अडकून पडत नाही. जीएसटी पोर्टलवर आरएफडी-११ हा फॉर्म भरायचा, शुल्क नाही. पण एलयूटी आर्थिक वर्षापुरतंच असतं. ३१ मार्चला संपतं, १ एप्रिलला नवं हवं.

नोंदणी नसताना थोडंथोडं पाठवून बघू, असं सांगणारे भेटतील. निर्यात ही कायद्याने आंतरराज्य विक्रीत मोडते आणि तिथले नियम गावातल्या दुकानापेक्षा कडक आहेत. शिवाय नोंदणीशिवाय पुढचे फॉर्म भरताना पदोपदी अडणार. कर सल्लागाराला एकदा पैसे द्या आणि मोकळे व्हा.

एचएस कोड: इथे घाई नको

जगातल्या प्रत्येक मालाला एक आकडा आहे. पहिले सहा अंक जवळजवळ सगळ्या देशांत सारखे, त्यापुढचे ज्याचे त्याचे. भारतात एकूण आठ. या आकड्यावरून तिकडचं शुल्क ठरतं आणि माल अडवायचा की सोडायचा हेही.

माझंच उदाहरण घ्या. टेबल मॅट म्हटलं की ‘टेबलचं कापड’ असं शोधून पहिला दिसेल तो आकडा उचलायचा मोह होतो. मी सुरुवातीला मागावर विणलेल्या सुती टेबल लिननचा ६३०२.५१ लावत होते. क्रोशाचा माल मागावरचा नाही. सुईने गुंफलेल्या, निटिंग किंवा क्रोशाच्या टेबल लिननला ६३०२.४० आहे. धागा तोच, वापर तोच, विणायची पद्धत वेगळी म्हणून आकडा वेगळा.

मातीच्या मालाचंही तसंच. डिचोलीच्या कुंभारकाकांकडून मी ताटल्या घेते आणि शोभेचे हत्ती घेते. माती एक, भट्टी एक. ताटली जेवणाच्या टेबलावरची वस्तू, ती ६९१२ मध्ये. हत्ती शोभेचा, तो ६९१३ मध्ये. एकाच खोक्यात दोन्ही असतील तर बिलावर दोन वेगळ्या ओळी येतात. ‘टेराकोटा वस्तू, १० नग’ अशी एक ओळ चालत नाही.

आकडा शोधताना तीन प्रश्न विचारत जा: वस्तू कशाची, कशी बनवली, कशासाठी? मग कस्टम्सच्या दरपत्रकात त्या प्रकरणाच्या शीर्षकाखालच्या टिपा वाचा, कारण कुठली वस्तू त्या प्रकरणात मोडत नाही हे तिथेच लिहिलेलं असतं. दुसऱ्या विक्रेत्याचा कोड डोळे मिटून घेऊ नका, त्यानेही कुणाचा तरी घेतलेला असतो. आपल्या मालाची एक वही करा: वस्तू, फोटो, वजन, कोड, इंग्रजीतलं ठरलेलं वर्णन. माझ्या वहीत आज बावीस ओळी आहेत, आणि पार्सल करताना मी डोकं न चालवता त्यातूनच उतरवते.

वर्णनाबद्दल दोन शब्द. ‘गिफ्ट’, ‘सॅम्पल’, ‘क्राफ्ट’, ‘गोअन सुव्हेनियर’ ही वर्णनं नव्हेत. युरोपीय संघात माल पोहोचण्याआधीच त्याची इलेक्ट्रॉनिक माहिती पोहोचावी लागते, आणि मोघम वर्णन असलं तर संगणकच अडवतो.

बिल

कमर्शियल इनव्हॉइस हा सगळ्या कागदांचा बाप. बाकीचे कागद त्यावरून उतरवायचे, त्यामुळे यात चूक झाली की ती चार ठिकाणी जाते. माझ्या बिलातली एक ओळ मराठीत सांगते, लिहायची ती इंग्रजीत: ‘क्रोशाची गोल टेबल मॅट, १०० टक्के सुती धागा, हातविणीची, व्यास ३० सेंटिमीटर, एचएस ६३०२.४०, मूळ देश भारत, ६ नग, दर १२ युरो, एकूण ७२ युरो, निव्वळ वजन ४८० ग्रॅम.’ त्याखाली स्वतंत्र ओळीत टपालखर्च २४ युरो, आणि मग ९६ युरो बेरीज.

टपालखर्च वेगळा का? आपल्या कस्टम्सला मालाची एफओबी किंमत हवी असते, म्हणजे भाडं आणि विमा सोडून. तुम्ही ‘फ्री शिपिंग’ म्हणून ९६ युरो एकठोक घेतले असतील तरी बिलावर फोड दाखवा.

वरच्या भागात विकणाऱ्याचं नाव-पत्ता, आयईसी, जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणीचा क्रमांक), एलयूटीचा क्रमांक आणि तारीख. गोव्याचा जीएसटीआयएन ३० ने सुरू होतो, टंकताना पहिल्यांदा तेच तपासा. घेणाऱ्याचा पूर्ण पत्ता, फोन आणि ईमेल. बिलाचा क्रमांक १६ अक्षरांच्या आत, ओळीने चढत जाणारा. कर न भरता, एलयूटीखाली निर्यात होत असल्याचं वाक्य जीएसटीच्या नियमात दिलेलं आहे, ते जसंच्या तसं उतरवा. पैसे कुठल्या चलनात आणि कर-शुल्क कोण भरणार तेही लिहा. घेणारा भरणार असेल तर डीएपी, तुम्ही भरणार असाल तर डीडीपी.

आता किंमत. ‘जरा कमी दाखवा ना, मला ड्युटी बसेल’ असं ग्राहक गोड बोलून सांगतो. गोव्यातून माल मागवणारे बरेचसे आपलेच, इंग्लंडात स्विंडनला नाहीतर लिस्बनला गेलेले, नाही म्हणणं जड जातं. तरी नाहीच म्हणा. बँकेत ९६ आले आणि कस्टम्सला २० सांगितले तर उरलेल्या ७६ युरोंचा हिशेब तुम्ही देणार, तो नव्हे. पार्सल हरवलं तर भरपाईही २० वरच.

आणि ‘गिफ्ट’ म्हणजे गिफ्टच. बहिणीला नाताळाला पाठवलेली मॅट गिफ्ट आहे. तिच्या शेजारणीने पैसे देऊन मागवलेली तशीच मॅट विक्री आहे, मग दोन्ही एकाच दिवशी का निघेनात.

काय पाठवू नये

खाऊचा धंदा लगेच सुरू करू नका. काजू, सोलं, मिरची हे गोव्याचं वैभव खरं, पण प्रत्येक देशाची खाद्यपदार्थांची तपासणी निराळी. अमेरिकेला खाण्याची वस्तू विकायची तर तिथल्या एफडीएकडे, म्हणजे अन्न-औषध प्रशासनाकडे, आगाऊ सूचना द्यावी लागते, कुठे वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. कोरड्या, न खाण्याच्या वस्तूंवर हात बसला की मग तिकडे वळा. फेणीचा विचार पार्सलवाल्याने करू नये, मद्य म्हटलं की अबकारी खातं आलं आणि तो प्रांतच वेगळा.

किनाऱ्यावर मिळणारे शंख-शिंपल्यांचे पडदे आणि पोवळ्याचे तुकडे बाजारात खुलेआम विकले जातात म्हणून परदेशी जातात असं नाही. कित्येक शंख आणि पोवळी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या सूचीत आहेत. मोरपिसाच्या वस्तूंची निर्यात बंद आहे. शिसवीचं लाकूड साइटिसमध्ये, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात येतं. एका खेपेत १० किलोपर्यंत शिसवी असलेल्या तयार वस्तूंना त्यातून सूट आहे, म्हणून शिसवीची चौकट पाठवताना लाकडाचं वजन बिलावर लिहा.

जुन्या घरांतून निघालेल्या वस्तूंचा मोह गोव्यात फार. १०० वर्षांपेक्षा जुनी कलावस्तू आणि ७५ वर्षांपेक्षा जुनं महत्त्वाचं हस्तलिखित १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, खासगी विक्रेत्याला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. मुद्दाम जुनी दिसेल अशी बनवलेली नवी समईसुद्धा कस्टम्स अडवू शकतं. तेव्हा ती पुरावस्तू नसल्याचा पुरातत्त्व सर्वेक्षणाचा दाखला लागतो.

आणि पेंढा. कुंभारकाका मला हत्ती देतात ते भाताच्या पेंढ्यात गुंडाळून, त्यांच्या आजोबांपासूनची रीत. मडक्यांना त्याच्याइतकी चांगली गादी दुसरी नाही. पण पेंढ्यातून कीड जाते म्हणून अनेक देश तो सीमेवरच जाळतात किंवा खोकंच परत करतात. घरी आणल्यावर पेंढा परसात झाडांच्या बुंध्याला, आणि हत्ती कागदाच्या लगद्यात नाहीतर नालीदार पुठ्ठ्यात. लाकडी पेटी वापरायची असेल तर तिच्यावर आयएसपीएम १५ चा शिक्का हवा: लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवल्याची ती खूण. प्लायवूडला ते लागत नाही.

पावसाळ्यात सुती मालाला बुरशी येते. दोन दिवस पंख्याखाली वाळवून, सिलिका जेलची पुडी घालून पिशवी सीलबंद करा. कस्टम्सशी याचा संबंध नाही, पण तिकडे उघडल्यावर वास आला तर कागद कितीही चोख असोत, माल परत.

कुठल्या वाटेने

टपाल, कुरिअर आणि मालवाहतूक अशा तीन वाटा. तिसरी मोठ्या ऑर्डरींसाठी, कस्टम्स ब्रोकर धरून, नेहमीच्या शिपिंग बिलावर. दहा-वीस पार्सलवाल्याने तिकडे बघू नये.

टपालाची वाट लहान विक्रेत्याला बरी. डिसेंबर २०२२ पासून टपाल खात्याने देशभर डाकघर निर्यात केंद्रं सुरू केली. पूर्वी फॉरेन पोस्ट ऑफिसला खेपा घालाव्या लागत, आता फॉर्म घरी बसून पोर्टलवर भरता येतो आणि पार्सल जवळच्या केंद्रात देता येतं. तपासणी पुढे फॉरेन पोस्ट ऑफिसात होते, तुम्ही तिथे हजर असायची गरज नाही. फॉर्मचं नाव पोस्टल बिल ऑफ एक्सपोर्ट, पीबीई. व्यापारी मालाला पीबीई-३, भेट आणि नमुन्यांना पीबीई-४. पैसे घेतले असतील तर ३, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. १५ जानेवारी २०२६ पासून ड्रॉबॅक, रोडटेप आणि रोस्क्टल हे निर्यातीवरचे परतावेही या इलेक्ट्रॉनिक टपालवाटेला लागू झाले. माझ्या टेबल मॅट प्रकरण ६३ मध्ये, म्हणजे रोस्क्टलच्या कापडी मालात. रक्कम चहापाण्याची असते, पण मागितल्याशिवाय ती कुणी देत नाही, फॉर्ममध्ये तसं सांगावं लागतं.

कुरिअर महाग, पण वेगवान. तिथे फसगत होते ती अशी. नाक्यावरचा एजंट ‘सगळं आमच्यावर सोडा’ म्हणतो आणि तुमचा विकलेला माल सीएसबी-४ या कुरिअरच्या कस्टम्स फॉर्मवर, म्हणजे भेट किंवा नमुना म्हणून पाठवून देतो. पोहोचतो, नाही असं नाही. पण सरकारदरबारी तुमची निर्यात झालेलीच नसते. मग जीएसटीत दाखवायला पुरावा नाही, बँकेला द्यायला कागद नाही. विकलेला माल सीएसबी-५ वरच गेला पाहिजे. पैसे देण्याआधी विचारा, ‘सीएसबी-५ करता ना? त्याची प्रत किती दिवसांत देता?’ उत्तर गुळमुळीत आलं तर खोकं उचला आणि बाहेर पडा. या वाटेने एका खेपेची मर्यादा २०२३ च्या विदेश व्यापार धोरणाने ५ लाखांवरून १० लाखांवर नेली होती. आपल्यासारख्यांना ती तेव्हाही आड येत नव्हती.

पोस्टातली सकाळ

आदल्या रात्री पोर्टलवर पीबीई-३ भरायचा. वहीतून वर्णन, बिलातून किंमत, काट्यावरून वजन. वजन बंद खोक्याचं घ्या, रिकाम्या खोक्याचं अधिक मालाचं असं मनात जोडू नका. माझी एक खेप ६० ग्रॅमच्या फरकाने खिडकीवर अडली होती. चिकटपट्टीचं वजन मी धरलंच नव्हतं.

खोक्यावर एका बाजूला पत्ता आणि कस्टम्सचं लेबल. कमी किमतीच्या छोट्या पाकिटाला सीएन २२, किंमत ३०० एसडीआरच्या (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) वर गेली की सीएन २३. बिलाच्या तीन प्रती: एक खोक्यात, एक बाहेर पारदर्शक पाकिटात, एक आपल्याकडे. खोकं चारही बाजूंनी पट्टी मारून बंद करण्याआधी आतल्या मालाचा बिलासह एक फोटो काढा. फोटोत वस्तू मोजता आल्या पाहिजेत.

अकराच्या आत जा. बारा वाजता निवृत्तिवेतनाची रांग आणि परदेशी पार्सलची खिडकी एक होते, आणि खिडकीवरच्या बाईंना एकाच वेळी दोन्ही सांभाळायला लावणं बरं नव्हे. पावतीवरचा तेरा अक्षरांचा ट्रॅकिंग क्रमांक तिथेच उभ्याने पीबीईवरच्या क्रमांकाशी ताडून बघा.

पलीकडचं दार

अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतचा माल शुल्काविना जायचा, ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ ला सगळ्याच देशांसाठी संपली. त्या गोंधळात आपल्या टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेची बहुतेक पार्सलं थांबवली आणि १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू केली, शुल्क इथेच आगाऊ भरायच्या पद्धतीने. तिकडचे दर त्यानंतरही हलत राहिलेत. गेल्या महिन्याच्या दरावर किंमत सांगू नका, बुकिंगच्या दिवशी विचारा.

युरोपीय संघात १ जुलै २०२१ पासून पहिल्या युरोपासून व्हॅट आहे. मोठ्या मार्केटप्लेसवर विकलंत तर १५० युरोपर्यंतच्या मालाचा व्हॅट तेच गोळा करतात आणि आयएमने सुरू होणारा आयओएसएस क्रमांक देतात. तो फॉर्मच्या ठरलेल्या रकान्यात घातला नाही तर ग्राहकाकडून व्हॅट दुसऱ्यांदा घेतला जातो आणि शिव्या तुम्हाला बसतात. स्वतःच्या साइटवरून विकत असाल तर व्हॅट आणि पोस्टाचं हाताळणी शुल्क दारात द्यावं लागेल, हे ऑर्डर घेण्याआधीच कळवा. १३ डिसेंबर २०२४ पासून आणखी एक अट आली: उत्पादन सुरक्षेच्या नव्या नियमाने युरोपातली एक जबाबदार व्यक्ती किंवा संस्था नेमून तिचं नाव-पत्ता मालावर द्यावा लागतो. जर्मनीला तर वेष्टनाचीही नोंदणी हवी. दोन-चार ऑर्डरींसाठी हे परवडत नाही, मी युरोपचं दुकान वर्षभर बंद ठेवलं होतं.

ब्रिटनमध्ये १३५ पौंडांपर्यंतच्या मालाचा व्हॅट विक्रीच्या वेळीच घ्यायचा असतो. मार्केटप्लेस असेल तर ते बघतात, स्वतःची साइट असेल तर तिथली नोंदणी तुमची. ऑस्ट्रेलियात मोठ्या उलाढालीच्या विक्रेत्यांना १,००० डॉलरपर्यंतच्या मालावर जीएसटी गोळा करावा लागतो, छोट्यांना तो जाच नाही. दुबईसाठी १ मे २०२२ पासून भारत-अमिराती करार आहे, पण त्याचा फायदा घ्यायचा तर मूळ देशाचा दाखला लागतो. चार मॅटसाठी ती खटपट कुणी करत नाही.

माल गेल्यावर

इथे बहुतेकजण फाइल बंद करतात. ट्रॅकिंगवर ‘डिलिव्हर्ड’ दिसलं की झालं, असं वाटतं. अजून तीन कामं असतात.

जीएसटीच्या जीएसटीआर-१ मध्ये निर्यातीचा रकाना ६ए. तिथे बिलाबरोबर पीबीई किंवा सीएसबीचा क्रमांक, तारीख आणि पोर्ट कोड घालायचा. पोर्ट कोड जिथे कस्टम्सने माल सोडला त्या ठिकाणचा, तुमच्या गावच्या पोस्टाचा नव्हे.

दुसरं बँकेचं. प्रत्येक निर्यात बँकेच्या ईडीपीएमएस यंत्रणेत उघडी दिसत राहते, पैसे आल्याचं जुळवेपर्यंत. पैसे आणण्याची मुदत ९ महिने होती, ती रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२५ मध्ये १५ महिने केली. १० लाखांपर्यंतच्या बिलांसाठी निर्यातदाराच्या घोषणापत्रावर नोंद बंद करायची सोय ऑक्टोबर २०२५ मध्ये आली, पण ते पत्र बँकेला तुम्हीच द्यायचं. मी दर तिमाहीला सगळी पार्सलं एका तक्त्यात लिहून देते. मार्केटप्लेसने दलाली कापून पैसे दिले असतील तर कापलेली रक्कम त्याच तक्त्यात वेगळी दाखवा, नाहीतर तेवढा फरक उघडा राहतो.

तिसरं ई-बीआरसी, पैसे आल्याचं प्रमाणपत्र. ते आता डीजीएफटीच्या पोर्टलवर आपणच तयार करतो, बँकेने पाठवलेली पैशाची नोंद आणि आपलं बिल जोडून. एका मोठ्या रकमेत दहा ग्राहकांचे पैसे आले असतील तर ती दहा बिलांवर वाटावी लागते. कंटाळवाणं काम आहे, शनिवारी दुपारी रेडिओ लावून करा.

परत आलं तर

निर्यात केलेला माल ग्राहकाने नाकारला तर तो ३ वर्षांच्या आत परत आणता येतो आणि आयात शुल्कातून सूट मिळू शकते. एलयूटीवर गेलेल्या मालाने या सवलतीच्या कुठल्या अटी पाळायच्या ते त्या वेळी सल्लागाराला विचारा. मूळ अट मात्र साधी: हा तोच माल, हे पटवता आलं पाहिजे. त्यासाठी मूळ पीबीई किंवा सीएसबी, बिल, आणि खोकं बंद करण्याआधीचा तो फोटो. ग्राहकाने नाकारल्याचा ईमेलही छापून ठेवा. मालावर बारीक खूण असेल तर सोन्याहून पिवळं. कुंभारकाका आता हत्तीच्या पोटाखाली ओल्या मातीतच एक आकडा कोरतात, आणि तो आकडा मी बिलावर लिहिते.

पैसे परत केले असतील तर बँकेला आणि जीएसटीतही कळवायचं, क्रेडिट नोट काढून.

जर्मनीहून परत आलेल्या त्या सहा मॅटसाठी माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. त्या सध्या आमच्याच जेवणाच्या टेबलावर आहेत.